शेवंताचा पट्टा

मारुतीरायाच्या दारात एवढ्या पहाटे आंघोळ करून बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार! आणि नुसतं तोंडावर पाणी मारून आलेल्यांनाही नमस्कार. हसू नका, दुसऱ्या रांगेत आहेत, मला दिसतायत!

आत्ता वाजलेत पाच दहा. सूर्य उगवणार सहा वीसला. म्हणजे सत्तर मिनिटं. मग अंजनीचं बाळ जन्मणार, फुलं उधळायची, सुंठवडा वाटायचा. तेवढ्या वेळात मला एका प्रश्नाचं उत्तर काढायचंय. माझं शिक्षण शास्त्र शाखेचं. प्रश्न अर्धवट सोडला की मला घास गिळत नाही.

प्रश्न असा — माणसानं आधार घेतला, तर ताकद कुणाची? माणसाची, की आधाराची?

या खांबाजवळच्या आजी बघा. आजी, नाव काय तुमचं? हौसाबाई! कुठून आलात? खालच्या आळीतून. एवढा चढ चढून! कशाच्या जोरावर हो? काय म्हणाल्या, ऐकलंत? 'काठीच्या!' बरं, मग आजी, आता तुम्ही बसा इथंच, आणि ती काठी एकटीच खालच्या आळीत जाऊन येऊ द्या! … जाईना ना?

पण काठी काढून घेतली, तर आजी तरी येतील का? नाही! मग चाललं कोण? मंडळी, इथंच तर गाठ आहे. आणि ही गाठ सोडवली कुणी? कुणा पंडितानं नाही. कवठेसावळी गावच्या एका हमालाच्या पोरीनं!

पेटीवाले, सूर धरा. तबला जरा सावकाश —

बाहेर पट्टा तो, आत माझा श्वास ।
मारुतीच्या दारी भ्यावे मी कशास ॥

तर ऐका. कवठेसावळीत बिरू कोळेकर नावाचा माणूस. सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल. बोलणं किती? दिवसाला दहा शब्द, त्यातले चार बैलाशी! त्याची थोरली लेक शेवंता. वय चोवीस, वजन बासष्ट किलो. सांगलीच्या कॉलेजात शिकताना तिथल्या जिममध्ये ती वजन उचलायला शिकली. लोखंडी रॉड, त्याच्या दोन टोकांना प्लेटा, खाली वाकायचं, रॉड धरायचा, सरळ उभं राहायचं. सोपं आहे! ऐकायला.

शिक्षण संपवून पोरगी गावात आली. गावात तालीम होती. मोठी, जुनी, आत मारुतीची मूर्ती, बाजूला रॉड आणि प्लेटा. पण दार कुणासाठी? बाप्यांसाठी! शेवंता गेली ग्रामसभेत. उभी राहिली. म्हणाली, "सकाळी सहा ते सात तालीम रिकामी असते. तो तास आम्हाला द्या." सरपंच म्हणाले, आम्हाला म्हणजे किती जणींना? मागं अकरा पोरी उभ्या राहिल्या! ठराव झाला. बायकांचा तास सुरू झाला.

आता तालमीचे वस्ताद होते आबा मगदूम. वय पासष्ट, मिशा अशा की लिंबू ठेवावं. माणूस वाईट नव्हता हं! पोरांना खारीक-दूध स्वतःच्या घरून देणारा. पण ठराव त्यांना काही पचला नाही. ते म्हणाले, "मारुती ब्रह्मचारी आहे. त्याच्यासमोर बायका कशाला?"

लक्षात ठेवा बरं हे वाक्य. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

त्या तालमीची एक चाल होती. हनुमान जयंतीच्या सकाळी प्रत्येक तासानं एक गडी पुढं करायचा. पहाटे पाचच्या तासाचा एक, संध्याकाळी पाचच्या तासाचा एक. मूर्तीसमोर रॉड ठेवलेला, एकशे तीस किलोचा. दोन संधी. उचलला, तर त्या तासाची किल्ली वर्षभर त्या तासाकडे. नाही उचलला, तर किल्ली वस्तादांकडे, आणि तो तास बंद.

आबांनी पाटीवर खडूनं लिहिलं, 'बायकांचा तास – १३० किलो.' शेवंता म्हणाली, "आबा, गड्यांचं वजन ऐंशी-नव्वद किलो. माझं बासष्ट. भार तोच?"

आबा म्हणाले, "तालीम तीच मागितलीस ना? मग भारही तोच!"

शेवंतानं आजवर उचललेला सगळ्यात जास्त भार एकशे वीस. हातात सहा आठवडे. आणि भार चुकला, तर अकरा पोरींच्या तोंडावर दार बंद!

बरं, गडी उचलतात कसे? कमरेला पट्टा बांधून! तालमीचा एक जाड चामडी पट्टा होता, मूर्तीशेजारी खिळ्याला टांगलेला. पाठीमागं रुंद, पोटावर निमुळता. गडी पाया पडायचा, पट्टा कसायचा, मग रॉडला हात. शेवंतानं एकदा तो पट्टा नुसता खाली उतरवला —

"ए! ठेव तो! बाईनं पट्ट्याला हात लावायचा नाही!"

"का आबा?"

"चालत आलंय."

"मग मी माझा आणते."

"आण की! पण गाव काय म्हणेल? पोरीनं नाही उचललं, पट्ट्यानं उचललं."

ऐका मंडळी, ऐका! गडी पट्टा बांधून उचलतो, तेव्हा ताकद गड्याची. पोरगी पट्टा बांधून उचलते, तेव्हा ताकद पट्ट्याची! हे गणित मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नाही!

शेवंतानं ठरवलं, पट्टा बांधायचाच. आणि माझा मी निवडायचा.

गेली सांगलीला. खेळाच्या सामानाचं दुकान. दुकानदार मोठा हौशी. "ताई, लेडीज पट्टा ना? हा घ्या!" काढला गुलाबी! मऊ, पाठीला फोमची गादी, पुढं चिकटपट्टी. "पाठीला इतका आराम, ताई, की झोप लागेल!" शेवंता म्हणाली, "मला झोपायचं नाही, उचलायचंय." पट्टा बांधला, पोटभर श्वास घेतला, पोट जोरानं बाहेर ढकललं. आणि खर्रर्र! चिकटपट्टी सुटून पट्टा गल्ल्यावर! दुकानदाराचा चहा सांडला!

"ताई, पोट आत घ्या की! पोट आत घेतलं की छान बसतो!"

पोट आत घ्या. हे तीन शब्द धरून ठेवा! बायांनो, किती वेळा ऐकलेत हो? शिंपी माप घेताना — पोट आत घे. फोटो काढताना — पोट आत घे. बघायला पाहुणे आले, आई दारामागून खुणावते — पोट आत घे! शेवंतानंही वयाच्या बाराव्या वर्षापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात किडा वळवळला. श्वास भरून पोट ढकललं, तर पट्टा सुटतो. पोट आत घेतलं, तर पट्टा नुसता लोंबतो. मग पट्टा असतो तरी कशासाठी?

पुढच्या दुकानात तिनं दुसरा बघितला. दहा सेंटिमीटर रुंद, तेरा मिलिमीटर जाड, पुढं खटक्याचं कुलूप. स्पर्धेत मोठमोठे गडी वापरतात तसला. बांधला, आणि वाकली, तर वरची कड बरगडीत घुसली, खालची कमरेच्या हाडावर! "आई गं!" दुकानदार म्हणाला, "सवय होईल." शेवंतानं टेप काढला. शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत अंतर किती? साडेआठ सेंटिमीटर! साडेआठच्या जागेत दहाचा पट्टा मावेल कसा? पट्टा वाईट नव्हता हो. दुसऱ्याच्या अंगाचा होता!

रिकाम्या हातानं निघाली. वाट वाकडी करून बाजारात बापाला भेटायला गेली. बिरू पोतं उचलायच्या तयारीत. आता हे दृश्य तिनं लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यानं खांद्यावरचा पटका काढला, चार पदरी घडी केली, पोटाभोवती गुंडाळला. खाली धोतराच्या गाठीवर नाही हं! वर, बेंबीवरून! श्वास घेतला. पोट ढोलासारखं फुगलं. आणि मग पोतं पाठीवर.

पोतं टाकून आला, तशी ती म्हणाली, "बापू, भार पाठीवर येतोय. मग पटका पोटावर का?"

बिरूनं घाम पुसला. दहा शब्दांचा माणूस, त्या दिवशी दोन दिवसांचे खर्च केले!

"पाठ कुठं पळतीया? प्वाट पळतंय म्होरं. भार आला की त्ये म्होरं पळणार, आन् पाठ मोडणार. म्हणून दार लावायचं. आन् आतनं रेटायचं."

दार लावायचं, आणि आतून रेटायचं!

मंडळी, ही बघा माझी पाण्याची बाटली. पाणी मघाशी संपलं. झाकण काढलंय. दाबते — चुरगळली! आता फुंकून सरळ करते, झाकण घट्ट लावते. तबलजी, तुमचा पंजा दणकट आहे, दाबा! दाबा की, लाजता काय! … दबेना! प्लॅस्टिक तेच. मग ताकद आली कुठून? आत कोंडलेल्या हवेची! भरलेलं पोट आणि भोवती पट्टा, म्हणजे झाकण लावलेली बाटली. कण्याला पुढून टेकू मिळतो. पट्टा पाठीला धरत नाही, तो पोटाला रेटायला भिंत देतो. भिंत पट्ट्याची, रेटा तुमचा! रेटाच नसेल, तर पट्टा म्हणजे नुसतं चामडं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी घरी जाऊन श्वास कोंडू नका हं, सूनबाई मला शिव्या घालतील!

शेवंताला कळलं. तालमीचा पट्टा मागं रुंद आणि पुढं निमुळता, म्हणजे भिंत नको तिथं उंच, आणि हवी तिथं ठेंगणी!

गावात धोंडीकाका सातपुते होते, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे बनवणारे. शेवंता म्हणाली, "काका, पट्टा करून द्याल?"

"कुठल्या बैलाला गं?"

"मला!"

काका इतके हसले की आरी खाली पडली. मग चष्मा लावून उठले. "सांग."

"सगळीकडनं एकसारखा रुंद. पुढं-मागं फरक नको. साडेसात सेंटिमीटर."

काकांनी आपली चार बोटं जुळवून बघितली. "चार बोटं. बरोबर. जाडी?"

"दहा मिलिमीटर. वाकायला नको, आणि टोचायलाही नको."

"दोन थर चिकटवतो, कडेनं शिवण. बक्कल?"

"एका काट्याचं. भोकं जवळजवळ पाडा. जेवल्यावर आणि उपाशीपोटी माप बदलतं."

"हे बैल कधी सांगत नाही बघ!" काका म्हणाले.

आठ दिवसांत पट्टा झाला. बाभळीच्या सालीनं कमावलेलं चामडं, रंग तांबडा. नवा म्हणून इतका ताठ, की पहिल्या आठवड्यात बरगडीखाली वळ उठले. शेवंता रोज तेल लावायची, गुंडाळी करून उलगडायची. बांधताना श्वास सोडून एक बोट आत जाईल इतकीच जागा ठेवायची. भार उचलताना कसायचा, ठेवला की सोडायचा. आणि मोकळ्या पोटानंही सराव, बरं का! भिंत आहे म्हणून रेटणं विसरायचं नाही. एकशे वीस. एकशे पंचवीस. शेवटच्या आठवड्यात एकशे सत्तावीस! एकशे तीस? एकदाही नाही.

बाहेर पट्टा तो, आत माझा श्वास …

जयंतीची सकाळ. अख्खं गाव तालमीच्या अंगणात. मूर्तीसमोर रॉड. पहाटेच्या तासाचा गडी आला, उचलून गेला. संध्याकाळच्या तासाचा आला, दुसऱ्या संधीत उचलला. मग आबांनी पुकारलं, "बायकांचा तास!"

शेवंता पुढं आली. ट्रॅकपँट, टी-शर्ट, वर तांबडा पट्टा. मूर्तीला हात जोडले. रॉडपाशी उभी राहिली. श्वास भरला. पोट फुगलं, पट्ट्याला भिडलं, आणि भिंतीवर बसलेला एक मिशीवाला ओरडला,

"अगं, कितवा महिना?"

हसलं सगळं अंगण. आणि मंडळी, काय झालं सांगू? सहा आठवडे जे शिकली होती, ते एका क्षणात गेलं. बाराव्या वर्षापासूनचा शब्द जिंकला. तिनं पोट आत घेतलं! पट्टा सैल झाला. रॉड वीतभर उठला, पाठ वाकली — धाड! खाली.

आबा जवळ आले. आवाज खाली करून म्हणाले, मायेनंच म्हणाले हं, "पोरी, झालं तेवढं बास. पट्टा काढ. शोभत नाही. किल्ली माझ्याकडे राहील, तुझा मान जाणार नाही."

बघा! अपमान पचवायला जड नसतो. असली माया पचवायला जड असते.

शेवंताचा हात बक्कलाकडे गेला. तिला बाकी काही दिसत नव्हतं. दिसत होत्या फक्त दाराजवळच्या अकरा पोरी, एकीच्या हातात किल्लीची दोरी, बोटाभोवती गुंडाळलेली. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढं आला. बिरू! आयुष्यात कधी चार माणसांसमोर तोंड न उघडलेला. त्यानं सदरा वर केला, खांद्यावरचा पटका पोटाला आवळला. श्वास घेतला. पोट फुगवलं, हे एवढं! आणि अंगणाच्या मधोमध, मिशीवाल्याकडे तोंड करून उभा राहिला.

"हस," म्हणाला. "मला बी ईचार, कितवा महिना."

कुणी हसेना.

"तीस वरसं ह्याच प्वाटावर हळद उचलली. तवा कुणी हसलं न्हाई. आता का हसताय?"

आणि मग अकरा पोरींतली एक पुढं आली. तिनं श्वास भरला, पोट बाहेर! दुसरी आली, पोट बाहेर! तिसरी, चौथी … अकरा पोरी रांगेत, अकरा पोटं फुगलेली, गाल लाल, डोळे वटारलेले! धोंडीकाका मागून ओरडले, "आरं, माझंबी घ्या की मोजायला!" त्यांना तर फुगवायचीही गरज नव्हती!

शेवंताला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. हात बक्कलावर होताच. तिनं पट्टा काढला नाही. एक भोक पुढं घेतला! आबांकडे वळली.

"आबा, दुसरी संधी आहे ना?"

"आहे."

"मग बाजूला व्हा."

वाकली. रॉड धरला. श्वास भरला, गावासमोर, मूर्तीसमोर! पोट बाहेर, पट्ट्यावर, सगळीकडून! पट्टा करकरला. रॉड सुटला जमिनीवरून. घोट्याच्या वर. नडगी. गुडघ्याशी आला, आणि थांबला! एक … दोन … मानेच्या शिरा फुगल्यात, आणि ती आतून रेटतेय, रेटतेय — मंडळी, त्या क्षणी तिला कुणी उचलत होतं का? पट्टा? बाप? पोरी? सगळे भोवती होते. पण रेटत होती ती! गुडघा ओलांडला. मांडी. आणि शेवंता सरळ! खांदे मागं, नजर मारुतीच्या नजरेला!

आबांनी हात वर केला. रॉड खाली आला. तो आवाज नदीपलीकडं गेला म्हणतात. हे मी मोजलेलं नाही, म्हणून 'म्हणतात'.

किल्ली पोरींकडेच राहिली. आणि आबा? आबा जवळ आले, मिशीवरून हात फिरवला. "बघू पट्टा," म्हणाले. तिनं सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, चार बोटं लावून बघितली. "पुढूनही एवढाच रुंद?" "हो." मग म्हणाले, "आमचा पट्टा मग आजवर उलटाच विचार करत होता की." दुसऱ्या दिवशी धोंडीकाकांकडे आबा दिसले. कशाला गेले होते, ते काकांनी कुणाला सांगितलं नाही. पण तालमीत नवा पट्टा लागला. खिळाही नवा. दाराजवळ, हात सगळ्यांचा पोहोचेल असा.

सहा वाजून बारा मिनिटं झाली. आठ मिनिटं उरलीत. आता आख्यान संपलं, हिशेब तुमचा.

काल संध्याकाळी मी या गावात उतरले. तहान लागली. या देवळाला लागून तुमची तालीम आहे, दार उघडं होतं, आत माठ दिसला. पायरीवर पाय ठेवला, तर आतून आवाज आला, "ताई, तिथंच थांबा, तांब्या बाहेर आणतो!" आणला. पाणी गार होतं, तक्रार नाही. पिता पिता वर बघितलं. चौकटीवर पत्र्याची पाटी — 'महिलांना प्रवेश नाही'. तुमच्या उत्सवात उभं राहून बोलायला मी चालते. माठापर्यंत जायला चालत नाही!

कशासाठी म्हणे? तो ब्रह्मचारी! अहो, आबांचं ते वाक्य लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? मग सांगा, आत्ता आठ मिनिटांनी तुम्ही कुणाच्या जन्माची फुलं उधळणार? तो कुठून आला? खांबातून? आभाळातून पडला? अंजनीच्या पोटी आला! सूर्याकडे झेप घेणारा जिनं पोटात वागवला, तिला कुणी म्हणालं होतं का — पोट आत घे? आणि आज ती अंजनी लेकाला बघायला आली, तर तुमची पाटी तिला पायरीवर उभी करणार! तांब्या बाहेर आणून देणार!

मला नारळ नको. शाल नको. पाटी खाली येईपर्यंत मी जन्माचं पद म्हणणार नाही. सूर्य काही माझ्यासाठी थांबायचा नाही, तो येईल. पण तो आला, तेव्हा पाटी वर होती की खाली, हे तो बघेल!

कोण उठतंय? … समितीवाले खाली बघतायत. पोरं एकमेकांकडे बघतायत. बघा, बघा …

कोण ते? हौसाबाई! आजी, सावकाश! वाट द्या हो त्यांना! हो, हीच, उजवीकडची चौकट. उंच आहे? मग काठी वर करा! लागली का पाटीला? एकच खिळा आहे, गंजलेला. पदर खोचा आजी, दोन्ही हातांनी धरा, आणि हसणाऱ्याकडे बघू नका! श्वास भरा. पोट आत घेऊ नका! मघाशी मी विचारलं होतं ना, ताकद काठीची की तुमची? सांगा आता सगळ्यांना!

तबला थांबवा. तो आवाज ऐकू द्या.

पडली!

उजाडलं बघा. चला आजी, आत चला, आधी माठातलं पाणी प्या. मग फुलं. बोला, अंजनीच्या लेकाचा — जय!